डावं मागचं चाक आधी

आमच्या गावात ब्रेक दाबत नाहीत, मारतात. पहिल्यांदा मारला तर पेडल सरळ तळाला जातं, पायाखाली भिजलेल्या कापसासारखं. दुसऱ्यांदा जरा वर येतं. तिसऱ्यांदा लागतं. काका हे अशा सुरात सांगायचे की जणू घरच्या म्हाताऱ्या बैलाचा स्वभाव सांगतायत. “तिला पुचकारावं लागतं,” म्हणायचे. जीपमध्ये बसणाऱ्या सगळ्यांना हे ठाऊक होतं आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मला सगळ्यात जास्त राग येतो तो ह्याचाच. माणूस बिघाडाला स्वभाव म्हणायला लागला की संपलं.

जीप माझ्या वडिलांची. ते आजारपणात गेले, मग ती काकांकडं आली. सकाळी गावातल्या मुलींना आखाडा बाळापूरला शाळा-कॉलेजात सोडायचं, दुपारी परत आणायचं, हे काम वडिलांनी सुरू केलं आणि काकांनी चालू ठेवलं. आमच्या गावात बस येत नाही. ती यावी म्हणून मी पत्रकं लिहिली, दारोदार सह्या गोळा केल्या, एसटीच्या साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिले. उत्तर मिळालं, रस्ता अरुंद आहे. त्याच रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर मागं दोन-दोन ट्रॉल्या लावून जातात. ऊस निघाला की रस्ता रुंद होतो, पोरी निघाल्या की अरुंद. हे वाक्य मी पत्रकात छापलं होतं. लोकांनी वाचलं, हसले, आणि हॉटेलवाल्यानं त्याच पत्रकात भजी बांधून दिली.

म्हणजे गावातल्या मुलींचं शिक्षण एका जीपवर होतं, आणि जीप एका पेडलवर.

मी संघटनेचं काम करते, त्यामुळं निम्मे दिवस हिंगोलीत असते. त्या शनिवारी घरी होते आणि बाळापूरला जायचं म्हणून मुलींबरोबर मागं बसले होते. पुलाकडं उतरणारा रस्ता लागला. पुढं उसाची ट्रॉली, तिच्या मागं मोटारसायकलवर एक नवरा-बायको, बायकोच्या मांडीवर लेकरू. काकांनी ब्रेक मारला. परत मारला. परत. मला मागून त्यांचा गुडघा दिसत होता, खालीवर, खालीवर, शिलाई मशीन चालवावी तसा. गाडी तशीच. त्यांनी खटकन गिअर खाली आणला, हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंग डावीकडं घेऊन जीप रस्त्याच्या कडेच्या खडीच्या ढिगात घातली. रस्त्याच्या कामासाठी आणून टाकलेली आणि मग कुणीच न पसरलेली ती खडी. सरकारी कामचुकारपणानं आमचा जीव वाचला, असंही कधी कधी होतं.

कुणाला लागलं नाही. मुली एकमेकींवर आदळल्या. एकीचा डबा उघडून वांग्याची भाजी सगळ्यांच्या पायांवर सांडली. काकांनी मागं वळून पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण तोंडातून निघालं ते नेहमीचंच.

“काही न्हाई, काही न्हाई. बसा गुपचूप.”

उरलेला रस्ता त्यांनी पहिल्या गिअरमध्ये काढला. अशी एखादी गाडी खडीच्या ढिगाऐवजी माणसावर जाते तेव्हा पेपरात बातमी येते, ‘ब्रेक निकामी झाल्यानं अपघात’. जसं काही ब्रेक स्वतःच्या मनानं निकामी होतात. कुणी तेल बदललं नाही, किती वर्षं बदललं नाही, ते त्या बातमीत कधीच नसतं.

संध्याकाळी चाचा आले. त्यांचं शेत आमच्या शेताला लागून आहे, हळदीचा छोटा व्यापारही करतात. काकांचे लहानपणापासूनचे दोस्त. त्यांची मुलगी बारावीला होती, जीपमधल्या सगळ्या मुलींत मोठी. ती बाळापूरला जायला लागली म्हणून बाकीच्या घरांनी आपापल्या मुली सोडल्या. चाचा एरवी आले की सरळ ओट्यावर मांडी घालतात. त्या दिवशी उभेच राहिले. काकूनं चहाचं विचारलं तर नुसता हात हलवला.

“ड्रायव्हरसाब,” ते काकांना म्हणाले. एरवी ते काकांना भाऊ म्हणतात. “पोरगी सांगून राहिली, गाडी थांबली न्हाई, खडीनं थांबवली. बराबर हाय का?”

“जरा हवा धरली असंल ब्रेकात.”

“हवा कुणी धरली? गाडीनं का तू?”

काका हसले. चाचा हसले नाहीत.

“सोमवारी ती बसणार न्हाई. गाडी बराबर कर. मी सोता बसून पाहीन. पटलं तर पाठवीन.”

“आरं, चार दिवस घरी राहिली तर काय आभाळ...”

“चारच दिवस राहील असं तुला कोण म्हणलं?” चाचांचा आवाज खाली आला. “तिची दादी टपूनच बसलीय. पावणे येऊन चहा पिऊन गेलेत. मी म्हणलं, परीक्षा होऊ द्या. आता हे कळल्यावर काय तोंडानं म्हणू? एकदा घरी बसली का बसली. अन् ती बसली तर ह्या गल्लीतली एकबी पोरगी तुझ्या गाडीत चढणार न्हाई, लिहून घे.”

मग माझ्याकडं वळून म्हणाले, “अन् बेटा, तू तर पुऱ्या जिल्ह्याला शहाणपण वाटीत फिरती. घरातली गाडी तेवढी दिसली न्हाई?”

“दिसली चाचा. चारदा सांगितलं. काका म्हणतात, पुचकारावं लागतं.”

“मग तुमी दोघं मिळून पुचकारा,” चाचा म्हणाले आणि गेले.

रविवारी सकाळी आम्ही कामाला लागलो. काकांनी फळीवरून ब्रेक ऑइलचा अर्धा डबा काढला. झाकण हरवलेलं, तोंडात चिंधी कोंबलेली. मी तो त्यांच्या हातातून घेतला आणि बाजूला ठेवला. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी ओढतं. चिंधी लावून पावसाळाभर ठेवलेल्या डब्यात काय राहिलं असेल? उतारावर ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते. तेल दाबलं की जोर चाकापर्यंत जातो, वाफ दाबली की ती नुसतीच आकसते, आणि पाय तळाला जातो. हे काही अवघड शास्त्र नाही. पण आमच्याकडं चिंधीवर विश्वास जास्त.

“पैसे काय झाडाला लागतेत का?” काका पुटपुटले.

“पोरी लागतात का झाडाला?” मी म्हणाले.

सकाळीच बाळापूरला जाऊन मी नवा, सीलबंद डबा आणला होता, जीपच्या बोनेटखालच्या तेलाच्या डबीच्या झाकणावर जो प्रकार कोरलेला होता तोच बघून. बोनेट उघडलं. डबीतलं तेल काळं झालं होतं, चहाच्या पातेल्याच्या तळाला राहतं तसं. जनावराच्या डॉक्टरनं टाकून दिलेली मोठी सिरिंज घरात होती, बिनसुईची. तिनं मी ते काळं पाणी ओढून काढलं, डबी पुसली आणि नवं तेल वरच्या खुणेपर्यंत भरलं. चाकांमागं दगड लावले. काम वाटून घेतलं. काकू पेडलवर, काका बोनेटपाशी डबा घेऊन, कारण डबीतलं तेल खाली गेलं तर वरून परत हवा शिरते आणि सगळी मेहनत पाण्यात. आणि मी गाडीखाली.

पहिला वाद तिथंच झाला. काका पाना घेऊन ड्रायव्हरच्या बाजूच्या पुढच्या चाकाकडं निघाले.

“तिथून नाही. डावं मागचं आधी.”

“आजवर इथूनच केलंय. बाजारातला मिस्त्रीबी इथूनच करतो.”

ते खरं होतं. आमच्या भागात मी पाहिलेला प्रत्येक जण ब्रेकची हवा अशीच काढतो. ड्रायव्हरच्या चाकापासून सुरू करायचं, आणि देवळाभोवती फिरतात तसं गाडी उजव्या हाताला ठेवून एक फेरी मारायची. पुढचं उजवं, मागचं उजवं, मागचं डावं, पुढचं डावं. कुणी शिकवलेलं नाही, पायच तसे वळतात. पण तेल पेडलपाशी उजवीकडं असतं आणि सगळ्यात लांब नळी जाते डाव्या मागच्या चाकाला. हवा सगळ्यात जास्त तिथं अडकते. जुन्या गाडीची ती नळी आधी साफ करायची, मग उजवं मागचं, मग डावं पुढचं, शेवटी ड्रायव्हरजवळचं. हिंगोलीत आमच्या संघटनेच्या गाडीचं काम चाललं होतं तेव्हा मी तिथं उभी राहून हे विचारून घेतलं होतं. फेरी मारून देव पावत असेल, ब्रेक पावत नाही.

“बरं बाई पुढारीण,” काका म्हणाले. “तुझं होऊ दे.”

मी डाव्या मागच्या चाकामागं आडवी झाले. हवा सोडायचं निपल गंजलेलं. साध्या पान्यानं त्याचे कोपरे गेले असते, म्हणून रिंग पाना घातला, मध्येमध्ये तेल सोडत निपल हळूहळू ढिलं केलं. त्यावर सलाईनची नळी चढवली, तिचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत, बाटलीच्या तळाला थोडं नवं तेल, म्हणजे नळीतून हवा परत ओढली जात नाही.

“काकू, दाब.”

“दाबलं.”

“धर.”

“धरलंय.”

मी निपल जरासं उघडलं. नळीतून काळी धार आली, मध्ये मध्ये बुडबुडे. वर काकूचा पाय खाली गेल्याचं कळलं. निपल बंद केलं.

“सोड.”

“तू बंद केल्यावरच सोडायचं ना गं?”

“हो. आधी सोडलं तर हवा आत जाते.”

“मग नीट सांगत जा. मी काय रोज धरून बसते का?” मग वरूनच काकांना ऐकू जाईल असं म्हणाली, “तसं पाहिलं तर रोजच धरून बसलेय. तीस वर्षं झाली, सोड म्हणणारं कुणी भेटलं न्हाई.”

बोनेटमागून काका खाकरले.

दाब, धर, सोड. दाब, धर, सोड. काळ्याचा तपकिरी झाला, तपकिरीचा फिका पिवळा. बुडबुडे मोठ्याचे बारीक झाले आणि मग आलेच नाहीत. मी निपल घट्ट केलं, बाटली आणि नळी हातात घेतली आणि उठून मागच्या बाजूनं उजव्या चाकाकडं निघाले. चार पावलांचं अंतर. नळीतून तेल टपकत होतं, जमिनीवर थेंबांची ओळ पडत होती.

“तिकडून न्हाई!”

काका एवढ्या जोरात ओरडले की काकूचा हात हॉर्नवर पडला.

“तिकडून जाऊ नको. माघारी फिर.”

“काहून?”

“न्हाई म्हणलं ना.”

ते डबा ठेवून मागं आले आणि माझ्या वाटेत उभे राहिले. मला वाटलं, परत क्रमाचंच चाललंय. मी चिडले. म्हणाले, काका, एका मुलीचं शिक्षण उद्या सकाळवर आलंय आणि तुम्हाला डावं-उजवं सुचतंय. म्हणाले, असल्याच गोष्टींवर मी पत्रकं काढते, आता तुमच्यावर काढते. काकांनी माझ्याकडं पाहिलं, थेंबांच्या ओळीकडं पाहिलं, आणि गोठ्याकडं निघून गेले.

मी तिथंच उभी. काकू पेडलवरून पाय न काढता, आरशात बघत बोलली.

“तुझ्या बापाचं मडकं त्यांनी धरलं होतं.”

मला कळलं नाही.

“खांद्यावर मडकं, त्याला भोक पाडतेत, अन् पाणी गळत गळत उलटं फिरतेत. गाडी डाव्या हाताला धरून तू निघाली ना, तसं. तुझ्या बापाला मुलगा न्हाई, म्हणून हे फिरले. घरी आले तर पाठ ओली होती. सदरा आठ दिवस काढू दिला न्हाई.” ती थोडी थांबली. “अन् ही गाडी त्याची. तू तिच्याभोवती तेल गाळत उलटी निघाली.”

मला माहीत नव्हतं. बाईनं स्मशानात यायचं नसतं म्हणून मला त्या दिवशी दारातूनच माघारी फिरवलं होतं. मी भांडले होते, ओरडले होते, चारचौघींनी धरून आत नेलं. त्यांनी मला नेलं असतं तर वडिलांना कसं पोचवलं हे मला आज ब्रेकच्या पेडलवर बसलेल्या काकूकडून ऐकावं लागलं नसतं. हा राग माझा अजून गेलेला नाही, जाणारही नाही. पण तो काकांवर नव्हता. ते तर सांगितलं तेवढं पाणी घेऊन सांगितलं तिकडं फिरले होते.

मी बाटली खाली ठेवली. नळीच्या तोंडाला बोट लावून गळणं थांबवलं. काकूनं पेडलवरून पाय काढला आणि पोटरी चोळत बसली.

काका गोठ्यातून परत आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं. माझ्याकडं न बघता म्हणाले,

“चाक तू म्हणशील ते आधी. पण गाडी उजव्या हाताला ठेवून जायचं. लांब पडलं तर पडू दे.”

मी मनात फेरी घालून पाहिली. डाव्या मागच्या चाकापासून पुढं, बोनेटवरून वळून, ड्रायव्हरची बाजू धरून उजव्या मागच्यापर्यंत. तिथून मागून वळून, डावं मागचं ओलांडून डाव्या पुढच्याला. मग शेवटचं. चार पावलांच्या जागी जवळजवळ पूर्ण फेरी, पण क्रम जागच्या जागी राहत होता. तेलाला मी कोणत्या वाटेनं आले याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. क्रम चुकत असता तर मी ऐकलं नसतं. हे मी काकांना तेव्हाच तोंडावर सांगितलं आणि आजही सांगते.

“माहीत हाय,” काका म्हणाले. “तू कुणाचं ऐकती?”

मी बाटली, नळी, पाना घेऊन लांबच्या वाटेनं निघाले. बोनेटपाशी काका डबा धरून उभे होते, त्यांनी अंग चोरून मला वाट दिली.

उजवं मागचं झालं. डावं पुढचं झालं. मध्ये एकदा डबीतलं तेल खालच्या खुणेला आलं होतं, काकांनी वेळेवर ओतलं. शेवटचं चाक झालं तेव्हा काकूनं वरून हाक मारली.

“आता न्हाई जात खाली. भिंतीला पाय लावल्यावानी लागून राहिलंय.”

मी जाऊन स्वतः दाबून पाहिलं. पाय वरच थांबला. एकदाच. चारही निपलं फडक्यानं कोरडी केली, काकूला पेडल जोरात धरून ठेवायला लावलं आणि कुठं ओल दिसते का ते पाहिलं. रंगावर सांडलेलं तेल पाण्यानं धुतलं, कारण ते रंग खातं. काकांनी चिंधीचा डबा उचलला, क्षणभर हातात तोलला आणि मला म्हणाले, “हे कुठं टाकायचं? विहिरीकडं नको.” मी तो आणि बाटलीतलं काळं तेल हिंगोलीच्या गॅरेजात नेण्यासाठी पिशवीत घातलं.

उन्हं कलल्यावर चाचा आले. रिकाम्या हातानं नव्हे, बैलगाडीत हळदीची पोती घालून आले.

“हे काय?” काका म्हणाले.

“रिकामी गाडी कुणीबी थांबवतो. पोरी बसल्यावर थांबली पायजे.”

दोघांनी मिळून पोती चढवली. मागच्या दोन्ही बाकांवर, मुली बसतात तशी, एकाला एक लागून. दोरीनं बांधली. मी दाराशी उरलेल्या जागेत बसले. चाचा पुढं बसले, एक हात डॅशबोर्डवर. गावातून जाताना कुणी काही विचारलं नाही. दारादारांत बाया उभ्या होत्या, त्यांना सगळं माहीत होतं. चाचांच्या घरापाशी पडदा हलला.

पुलाचा उतार आला. काकांनी गाडी नेहमीच्या वेगानं सोडली आणि पाय दाबला. जीप जागच्या जागी थांबली. पोती पुढं कलली, दोर करकरला, हळदीची धूळ उडून माझ्या तोंडावर आली.

“परत,” चाचा म्हणाले.

परत वर नेली, परत उतरवली, परत थांबली. तिसऱ्या वेळी निम्म्या उतारावर, काही चाललेलं नसताना, चाचा एकदम ओरडले, “थांब!” काका थांबले. चाचांचं डोकं काचेला लागता लागता राहिलं.

“पुन्हा करू का?” काकांनी विचारलं. “पायजे तेवढ्यांदा कर म्हण, मी करतो.”

चाचा खाली उतरले. मागच्या चाकाजवळ उकिडवे बसले, आतल्या बाजूनं बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला, अंगठ्यावर घासून पाहिलं. कोरडं होतं. ते उठले तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. चांगलं झालं, शाब्बास, असलं काही ते बोलले नाहीत.

“किती दिवस चालंल हे?” त्यांनी मला विचारलं.

“तेल दोन वर्षांत बदलायचंच. त्याच्या आधी पेडल जरा जरी खाली गेलं, तरी गाडी उभी करायची.”

“उभी करायची,” चाचा काकांना म्हणाले. “खडीत न्हाई. घरी.”

“घरी,” काका म्हणाले.

गावात परत आल्यावर चाचांनी स्वतःच दोर सोडला. “पोती उतरव, भाऊ. उद्या पोरी कुठं बसतील?”

भाऊ ऐकून काका पटकन मागं गेले आणि उगाच दोर गुंडाळत राहिले. पोती बैलगाडीत गेली. बाक पिवळे झाले होते, शिवणीत, फटीत, सगळीकडं हळद. मी झाडू शोधायला गेले. परत आले तेव्हा चाचा जीपमध्ये वाकून उभे होते.

“हिची जागा कुठली?”

काकांनी दाराजवळचा कोपरा दाखवला. “इथं. खिडकी लागते तिला. डबा पायाशी ठेवती.”

चाचांनी खिशातून दस्ती काढली आणि तेवढी जागा पुसायला लागले. रेक्झिनच्या टाक्यांत बसलेली हळद निघत नव्हती. ते नखानं उकरत होते, दस्ती झटकत होते, परत पुसत होते. काका घरात गेले, पाण्याचा तांब्या भरून आणला आणि त्यांच्याजवळ धरून उभे राहिले.